एक इंच काठ

मार्सेलिना आंटींच्या चोवीस चित्रांचे काठ मी कापून घेतले. चारी बाजूंनी एकेक इंच. हे आधी सांगून टाकते. पुढे मी त्यांच्याविषयी बरंच चांगलं लिहिणार आहे. ते वाचून मला कुणी फार समजूतदार मैत्रीण मानू नये.

त्यांचं घर मरोळच्या गावठाणात, क्रूसाच्या मागच्या गल्लीत. खाली भाऊ कॉस्मस आणि वहिनी ज्युलिया. वरच्या माडीवर आंटी एकट्या. लग्न केलं नव्हतं. आमची कॉलनी १९७६ साली त्यांच्याच शेजाऱ्यांच्या भातशेतीवर उभी राहिली. तरी सात वर्षं मी त्यांना ओळखत नव्हते.

१९८३ साली मी मराठी घेऊन बी.ए. झाले. नोकरी नव्हती. आमच्या भागातल्या मोफत वाचनालयात अर्धवेळ बसत होते. शनिवारी दुपारी एक उंच, काळ्या फ्रॉकमधल्या बाई यायच्या. पर्समधून भिंग काढायच्या आणि साप्ताहिकाची पानं इंचाइंचानं वाचायच्या. त्यांना काचबिंदू होता. नळीतून पाहावं तसं दिसतं, म्हणाल्या. एका शनिवारी मी म्हटलं, मी वाचून दाखवू का? त्यांनी भिंग मिटलं आणि खुर्ची पुढे ओढली. तेव्हापासून दर शनिवारी मी वाचायचे, त्या ऐकायच्या. गोष्ट संपली की विचारायच्या, "पुढे?" मी सांगायचे, संपली. त्यांना ते पटायचं नाही.

त्यांच्याबद्दल मला कळलं ते त्या शनिवारांमध्ये, तुकड्यातुकड्यांनी.

सतराव्या वर्षी वडिलांनी त्यांना शहरातल्या एका कलाशाळेत घातलं. डिझाइनच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. शिकवायला धोंडिराम सर. सर मूळचे कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरणारे. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एक फूल काढायला सांगितलं. सगळ्यांनी कागदाच्या मधोमध फूल काढलं. सरांनी कात्री घेतली आणि प्रत्येकाचा कागद उभा आडवा कापून चार तुकडे केले. मग तुकड्यांच्या जागा बदलल्या. डावीकडचे उजवीकडे, वरचे खाली. फुलाच्या पाकळ्या चार कोपऱ्यांत गेल्या. जे काठ होते ते मध्यभागी आले आणि तिथे नुसता पांढरा कागद.

"आता मध्ये रिकामं आहे ते भरा," सर म्हणाले.

कापडाला मध्य नसतो, हे त्यांना पहिल्यांदा तिथे कळलं. कापड गुंडाळीतून येतच राहतं. एका कागदाचा उजवा काठ म्हणजे पुढच्या कागदाचा डावा काठ. ते जुळले नाहीत तर कितीही सुंदर फूल काढा, कापडावर भेग दिसते. वर्गात सर चित्र बघायचेच नाहीत. फक्त काठ बघायचे. काठावर पेन्सिलीच्या बारीक फुल्या करायला लावायचे, जुळवण्यासाठी.

आणखी एक प्रसंग त्या सांगायच्या. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचं काम पूर्ण होत आलं होतं आणि त्यांच्या कुंचल्यातून निळ्या रंगाचा थेंब पडला. त्या ब्लेडनं खरवडायला लागल्या. सरांनी हात धरला. थेंब पडला तो पडला, म्हणाले, आता तेवढ्याच अंतरावर बाकीच्या पंधरा फुलांजवळ टाक. त्यांनी टाकले. परीक्षकाला तो निळा ठिपकाच सगळ्यांत आवडला.

हे ऐकून मी म्हटलं होतं, "आंटी, काय सुंदर आहे हो."

"सुंदर काय त्यात. तसंच करायचं असतं," त्या म्हणाल्या.

चार वर्षांचा तो अभ्यासक्रम. दोन वर्षं झाली आणि वडील गेले. कॉस्मस तेव्हा नऊ वर्षांचा. त्यांनी शाळा सोडली आणि घाटकोपरच्या एका छापकारखान्यात नक्षी काढायला लागल्या. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. बत्तीस वर्षं नोकरी केली. कापडावर कारखान्याचा शिक्का असायचा. त्यांचं नाव कुठेच नाही. आमच्या घरातली पिवळ्या पानांची चादर त्यांची होती, हे मला त्यांनी आमच्या घरी चहाला आल्यावर सांगितलं. चादर हातात घेतली, उलटी केली, काठ बघितला आणि घडी करून ठेवली.

घरी त्या स्वतःसाठी काढायच्या. महिन्याला एक कागद. पंधरा इंच लांब, पंधरा इंच रुंद. जानेवारी १९५३ पासून एकही महिना चुकला नव्हता. कागद ट्रंकेत होते, दोन कागदांमध्ये बटर पेपर घातलेला. माडीवर पलंग, टेबल आणि ट्रंक एवढीच जागा. टेबलावर एका वेळी दोन कागद मावायचे. मला त्या एकेक काढून दाखवायच्या. भाताची खाचरं. विहिरीवरच्या बायका, त्यांच्या लुगड्यांच्या चौकड्या. सुकत टाकलेले बोंबील. छपरांवरून खाली आलेलं विमानाचं पोट. गिरणीचं धुराडं. पुढच्या वर्षांत परांच्या, सिमेंटची पिंपं, खिडक्याच खिडक्या. प्रत्येकात काहीतरी अर्धं असायचं. अर्धी बाई, अर्धी होडी. मला वाटायचं ही त्यांची शैली.

मी चकित झाले होते. अशी बाई आमच्या कॉलनीपासून दहा मिनिटांवर राहते आणि कुणाला माहीत नाही. आणि मला सापडली. हे वाक्य मी तेव्हा मनात अनेकदा म्हटलं होतं. मला सापडली.

१९८४ च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की आहे ती नजर वर्षभर टिकेल, पुढचं सांगता येत नाही. त्या शनिवारी त्यांनी वाचायला नको म्हटलं.

"सुहास, मला एक दिवस मोठी जमीन मिळवून दे," त्या म्हणाल्या. "सगळे कागद एकदा मांडून बघायचेत. अजून बघितलेले नाहीत."

त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी वाचनालयाच्या ट्रस्टींकडे गेले. ते म्हणाले, हॉल देतो, पण जमिनीवर कागद कोण बघायला येणार, लोक तुडवतील, भिंतींवर लावा. वर माळ्यावर चोवीस चौकटी पडल्या होत्या. पूर्वी त्यांत सुविचार लावलेले असायचे. काचांसकट फुकट देतो, म्हणाले. मला तिथे म्हणता आलं असतं की बाईंना जमीन हवी आहे. मी म्हटलं नाही. भिंत, चौकटी, खाली नाव, एका वर्तमानपत्रात चार ओळी, हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्या जमीन म्हणतात ते संकोचानं म्हणतात, असं मी स्वतःला समजावलं.

आंटींना सांगितलं, आधी भिंतीवर चोवीस, मग जमिनीचं बघू.

"तुला बरं वाटत असेल तर कर," म्हणाल्या. मग ट्रंक उघडली आणि मला निवडायला दिलं. मी वेगवेगळ्या वर्षांतले चोवीस निवडले, मला आवडतील तसे. प्रत्येक कागद देताना त्यांनी रिकाम्या जागी वर्तमानपत्राचा कपटा ठेवला.

"जसे देते तसे परत आण," एवढंच म्हणाल्या.

स्टेशनच्या पूर्वेला गुणाजींचं फ्रेमचं दुकान होतं. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, वारलेल्यांचे फोटो. मी चौकटी आणि चित्रं घेऊन गेले. गुणाजींनी पट्टी लावली. चौकटी आतून तेरा इंच होत्या.

"बाई, चारी बाजूंनी इंच इंच जास्त आहे," ते म्हणाले. "दुमडू की कापू? दुमडला तर कागद जाड आहे, काचेला फुगा येईल."

मी काठ बघितले. पेन्सिलीच्या फुल्या. अर्धवट पानं, कुणाच्या हाताची नुसती बोटं. फुल्या मळकट दिसत होत्या. आतलं चित्र कापल्यावर जास्त नेटकं दिसेल, असं मला खरंच वाटलं. धोंडिराम सरांची कात्री, चार तुकडे, काठ मध्यभागी, हे सगळं मला पाठ होतं. प्रदर्शनाच्या पत्रकात मी ते लिहिलंसुद्धा होतं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, 'या कलेला चौकट मान्य नाही.' ते पत्रक त्या वेळी माझ्या पिशवीत होतं.

"कापा," मी म्हटलं.

गुणाजींनी पुन्हा विचारलं, नक्की ना. मी हो म्हटलं आणि चहा प्यायला समोर गेले.

फेब्रुवारीतल्या रविवारी प्रदर्शन लागलं. प्रत्येक चित्राखाली मी सुवाच्य अक्षरात शीर्षक लिहिलं होतं. 'वाट'. 'माहेर'. 'उन्हाचं गाव'. एका चित्रात उजव्या बाजूला अर्धी विहीर होती, रहाटाचं अर्धं चाक, दोर ओढायला वाकलेली बाई कंबरेपाशी संपलेली. त्याखाली मी लिहिलं होतं, 'अपूर्ण'. ते मला सगळ्यांत जमलेलं वाटत होतं.

आंटी कॉस्मसबरोबर रिक्षानं आल्या. निळा फ्रॉक, मोत्याची माळ. कॉस्मस शीर्षकं मोठ्यानं वाचत चालला होता आणि प्रत्येकावर काहीतरी बोलत होता. "काय गो मार्सू, 'माहेर' म्हणे. तू सासरला गेलीस कधी?" लोक हसले. आंटीही हसल्या. मग 'अपूर्ण'पाशी त्या थांबल्या. भिंग लावून माझं अक्षर वाचलं.

"अपूर्ण कशाला?" त्यांनी विचारलं. "बाईची दुसरी बाजू पुढच्या महिन्यात आहे ना."

मला समजलं नाही. मग समजलं.

त्यांनी बोट काचेवर ठेवलं आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेलं. बोट लाकडाला लागलं. परत डावीकडे आणलं. तिथेही लाकूड.

"काठ कुठेय?"

मी म्हटलं, कापले. चौकटी लहान होत्या.

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

त्यांनी भिंग पर्समध्ये ठेवलं. खुर्ची मागितली. तासभर बसून राहिल्या. येणाऱ्या लोकांशी नीट बोलल्या. माझ्याबद्दल त्यांना सांगितलं की या मुलीनं खूप मेहनत घेतली. जाताना कॉस्मस मागे राहिला. त्याचा चेहरा बदलला होता.

"बी.ए. झालीस ना गो," तो म्हणाला. "ज्याचं चित्र त्याला विचारायचं, हे शिकवत नाहीत काय तुम्हाला?"

सगळं त्यानंच मला सांगितलं, तिथेच जिन्यावर. ती वेगवेगळी चित्रं नव्हती. बत्तीस वर्षांचं एकच होतं. प्रत्येक कागदाचा डावा काठ आदल्या महिन्याच्या कागदाला जुळायचा. एका ओळीत चोवीस कागद, म्हणजे दोन वर्षं. मग खालची ओळ. म्हणून प्रत्येक कागदाचा वरचा काठ बरोबर दोन वर्षांपूर्वीच्या कागदाला जुळायचा. नवा कागद सुरू करताना आंटी ट्रंकेतून दोन कागद काढायच्या, एक मागचा, एक वरचा, आणि त्यांचे काठ उतरवून घ्यायच्या. सोळा ओळी. तीनशे चौऱ्याऐंशी कागद. कारखान्यात रोलर फिरला की पंधरा इंचांनी तेच फूल परत यायचं. दिवसभर तेच करून घरी त्यांनी ठरवलं होतं की इथे काहीच परत येणार नाही.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी गुणाजींच्या पायरीवर होते. कापलेल्या पट्ट्या मागितल्या. शहाण्णव पट्ट्या असायला हव्या होत्या.

"त्या होय," ते म्हणाले. "अहो, चांगला जाड कागद. फेकतो होय कोण? मागे लावल्या."

चौकटीच्या पाठीमागे पुठ्ठा आणि लाकूड यांच्या फटीतून धूळ आणि झुरळं जाऊ नयेत म्हणून वर कागदाची पट्टी चिकटवतात. आंटींच्या काठांनी त्यांनी आंटींच्याच काही चौकटी बंद केल्या होत्या. उरलेल्या पट्ट्या त्या आठवड्यातल्या इतर गिऱ्हाइकांच्या फोटोंना. रंगीत बाजू आत, पांढरी बाजू बाहेर, दिसायला बरी म्हणून.

वाचनालयातून चौकटी उतरवून मी गुणाजींकडे नेल्या. त्यांनी ओल्या फडक्यानं पहिली पट्टी सोडवली. खळ सुटली आणि तिच्याबरोबर रंगही. पोस्टर कलर होता, पाण्यात विरघळणारा. फडक्यावर हिरवा डाग आणि हातात मऊ पांढरा कागद. दुसरी आम्ही कोरडीच ओढली. ती फाटली. गुणाजी बिचारे माझ्याहून जास्त घाबरले. "मला काय माहीत बाई," म्हणत राहिले. त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

बाकीच्या चौकटी कुणाकुणाकडे गेल्या त्याची नावं त्यांना आठवत होती. मी चार घरी गेले. चकाल्याला रत्नप्रभाबाई म्हणून एक होत्या. त्यांच्या यजमानांचा फोटो, हार घातलेला. मी सगळं सांगितलं. त्यांनी फोटो उतरवला, उलटा केला. पाठीमागे चारही बाजूंना आंटींचा कागद होता. एका कोपऱ्यात पट्टी उलटी दुमडली गेली होती आणि तिथे नखाएवढी निळी नदी दिसत होती.

"यांना जाऊन पंधरा दिवस झालेत," त्या म्हणाल्या. "आता परत उघडायला नको."

मी फोटो परत खिळ्याला लावायला मदत केली.

शहाण्णवातल्या सात पट्ट्या ओळखू येण्यासारख्या मिळाल्या. त्या घेऊन मी माडीवर गेले. आंटींनी प्रत्येकीवरून बोट फिरवलं. कुठल्या महिन्याच्या ते सांगितलं. माफी मागायला मी वाक्यं तयार करून गेले होते. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"ते राहू दे. जमिनीचं काय झालं?"

चर्चचा हॉल कॉस्मसनं मिळवला. ईस्टरनंतरच्या रविवारी, दुपारी बारा ते सहा. खुर्च्या आम्हीच उचलल्या, लादी पुसली, अनवाणी झालो. आंटी खुर्चीवर बसून ट्रंकेतले कागद क्रमानं देत होत्या. क्रमांक कुठेच घातलेला नव्हता. त्या काठाला भिंग लावायच्या आणि पुढे करायच्या. कॉस्मस, ज्युलिया आणि मी गुडघ्यांवर मांडत होतो. फुलीला फुली लागली की मधली रेघ नाहीशी व्हायची. अर्ध्या बाईला दुसरी अर्धी मिळायची. एक ओहोळ १९५३ च्या जानेवारीत डावीकडून निघाला होता. तो ओळीमागून ओळ खाली उतरत होता, कुठे रुंद, कुठे गटार झालेला. बाराव्या ओळीत शेतं संपली आणि आमची कॉलनी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत पिवळ्या पानांची चादर वाळत होती.

आणि चोवीस ठिकाणी माझे तेरा इंची कागद. त्यांच्या भोवती लादी दिसत होती. ओहोळ तिथे येऊन तुटायचा आणि इंचभर पलीकडे पुन्हा सुरू व्हायचा. विहिरीवरची बाई कंबरेपाशी तुटली होती.

मांडून व्हायला चार वाजले. कॉस्मसनं स्टेजवर एक स्टूल ठेवलं, आंटींना वर चढवलं आणि घट्ट धरून उभा राहिला. त्यांना सगळं एकदम दिसणं शक्य नव्हतं. नळीतून बघावं तशी त्या मान हलवत होत्या. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे. मग दुसरी. मध्येच मान थांबायची, मागे यायची आणि पुढे जायची. ती कुठे थांबते हे मला खालून कळत होतं. चोवीस वेळा थांबली.

सोळाव्या ओळीनंतर त्या खाली उतरल्या.

"आंटी," मी म्हटलं.

"मी बघितलं ते," त्या म्हणाल्या. "वाईट दिसतं. भेगा दिसतात." मग त्यांनी विचारलं, "भेग केवढी आहे? पट्टी लावून सांग. अंदाजे नको."

मी पट्टी लावली. इंचभर होती.

त्या वर्षी जानेवारीपासूनचे कागद त्यांनी काढले नव्हते. चुकलेले महिने मेमध्ये सुरू केले. सतरावी ओळ. त्यांना आता भिंगातूनही काठ नीट दिसत नव्हते, म्हणून मला बोलावलं. मी मागचा आणि वरचा कागद धरून सांगायचे, इथे पान, इथे छप्पर, इथे ओहोळ. त्या मान हलवून काढायच्या. पहिल्याच कागदावर, काही काढायच्या आधी, त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. डाव्या काठाला लागून, म्हणाल्या, वरपासून खालपर्यंत इंचभर रुंद पट्टी आख. त्या पट्टीत रंग भरायचा नाही.

मी विचारलं, कशाला. विचारताना मला उत्तर माहीत होतं.

"पडला तो पडला," त्या म्हणाल्या.

हे मी १९८८ मध्ये लिहिते आहे. सतराव्या ओळीत एकोणीस कागद झाले. त्यानंतर त्यांना काहीच दिसेनासं झालं. ट्रंक पलंगाखाली आहे. मी शनिवारी अजून वाचायला जाते, गोष्ट संपली की त्या अजून "पुढे?" विचारतात. चौकटींचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

एकोणीस कागद शेजारी शेजारी मांडले तर ती पांढरी पट्टी दर पंधरा इंचांनी परत येते. ट्रंकेतल्या सगळ्या कागदांत परत येणारी तेवढी एकच गोष्ट आहे. प्रत्येक पट्टी मी आखली आहे. आखताना माझी रेघ मध्येच वाकडी जायची, आणि नीट दिसत नसतानाही त्यांना ते कळायचं.

"सरळ आख गं," त्या म्हणायच्या.